स्कोप्स खटला (डेटन, १९२५)

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डेटन नावाचं छोटं गाव आहे, तिथे जुलै १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून केस चालली, तोच हा खटला. 'बायबल विरुद्ध विज्ञान' अशी त्याची ओळख झालीय आणि माझ्या मते तिथेच गफलत होते, कारण वर्णाचा, म्हणजे गोऱ्या-काळ्या वंशभेदाचा, प्रश्न त्यातून गळूनच जातो.

१९१० ते १९१५ मध्ये तेलाच्या धंद्यातल्या पैशातून 'द फंडामेंटल्स' या पुस्तिका छापून पाद्री लोकांना फुकट वाटल्या गेल्या, फंडामेंटलिस्ट, म्हणजे बायबल शब्दशः खरं मानणारे, हा शब्द पुढे तिथूनच आला. अशा वातावरणात मार्च १९२५ मध्ये टेनेसीने बटलर कायदा केला, सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असं शिकवणं गुन्हा. या कायद्याला कोर्टात आव्हान द्यायला एका नागरी हक्क संघटनेला शिक्षक हवा होता, तशी तिने पेपरात जाहिरात दिली, आणि गावाचं नाव होईल म्हणून डेटनची मंडळी औषधांच्या दुकानात बसली, स्कोप्सला बोलावून घेतलं. त्याच दुकानात शाळेची पुस्तकंही विकायला असायची, तिथल्याच फळीवरून जीवशास्त्राचं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं, आणि तो खटल्याला तयार झाला.

ते पुस्तक नीट बघायला हवं. जॉर्ज हंटर यांचं, १९१४ चं, आणि राज्याने स्वतःच नेमलेलं. त्यात उत्क्रांती आहे, पण माणसाचे पाच वंश सांगून युरोप-अमेरिकेतले गोरे सगळ्यात वरचे असंही लिहिलंय, पुढे काही गरीब कुटुंबांना समाजावरची बांडगुळं म्हटलंय, आणि अशा लोकांना मुलं होऊ देऊ नयेत हेसुद्धा. मुलांना हे सगळं विज्ञान म्हणूनच शिकवलं जात होतं.

सरकारी बाजूचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून हरलेले, त्यांनी कोर्टात राग काढला तो पुस्तकातल्या एका आकृतीवर, की सस्तन प्राण्यांच्या गोलात माणसालाही कोंबलंय. माणसांची 'पैदास सुधारायच्या' कल्पनेला त्यांचा विरोध होता हे खरं, पण वर्णाच्या उतरंडीला नव्हता, आदल्याच वर्षी त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेचा नाव घेऊन निषेध करू नका म्हणून ते बोलले होते. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो, त्यांनी २० जुलैला कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर ब्रायनचीच उलटतपासणी घेतली, बायबलमधल्या गोष्टींवरून, योनाला गिळणारा मासा, केनची बायको कुठून आली, सृष्टी घडवायचे सहा दिवस, आणि ब्रायनना कबूल करावं लागलं की ते दिवस २४ तासांचेच असतील असं नाही. हेच डॅरो त्या वर्षअखेरीस डेट्रॉइटमध्ये ऑशन स्वीट या काळ्या डॉक्टरसाठी लढले, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून जमाव त्याच्या दारात आला होता.

ज्युरीने नऊ मिनिटांत दोषी ठरवलं, दंड १०० डॉलर. पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच वारले. १९२७ मध्ये दंड ज्युरीने नाही, जजने ठरवला या तांत्रिक मुद्द्यावर निकाल रद्द झाला, कायदा मात्र तसाच राहिला. त्याच १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बक विरुद्ध बेल खटल्यात 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध ठरवली, म्हणजे हंटरच्या पुस्तकातलाच विचार.

बटलर कायदा रद्द झाला १९६७ मध्ये. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी उठवली, त्या केसमध्ये खालच्या कोर्टाच्या जजने बंदीच्या बाजूने लिहिलं होतं की देवानेच वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे ते मिसळू नयेत अशीच त्याची इच्छा.