घरी शिकणाऱ्या लेकरांची दहावी: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

होमस्कूलिंगच्या परवानगीचा अर्ज कुठं मिळतो, हा प्रश्न रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात कुणीतरी विचारतंच. असा अर्जच नाही. मुलाला घरी शिकवण्याची नोंदणी, परवाना किंवा ना-हरकत दाखला असं काही राज्यात कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. अर्ज असतो तो परीक्षेचा. दहावीच्या परीक्षेला खाजगीरीत्या किंवा मुक्त विद्यालयातून बसायचं, हाच काय तो सरकारदरबारी मान्य रस्ता. त्यासाठी लागणारे कागद मात्र लेकरू शाळेत असतानाच तयार होतात, आणि नेमकं तेव्हा आईबापांचं तिकडं लक्ष नसतं. म्हणून मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की आधी परीक्षा कुठून द्यायची ते ठरवा. पुस्तकं आणि वेळापत्रक नंतर.

चौदा वर्षांच्या आत आणि नंतर

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा काहीच बोलत नाही. त्यामुळं चौदाच्या आतलं मूल घरी असेल तर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात त्याचं नाव येऊ शकतं. गुरुजी दारात आले तर वाद घालू नका. ते त्यांचं काम करत असतात. रोज काय शिकवलं याची तारीखवार वही, सोडवलेल्या चाचण्या आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी समोर ठेवा. याच कायद्याच्या कलम ४ नुसार मूल पुन्हा शाळेत जायचं म्हणालं तर त्याला वयाप्रमाणं योग्य वर्गात प्रवेश मिळतो, हेही लक्षात असू द्या. परतीचा दरवाजा बंद होत नाही.

माझं मत विचाराल तर आठवीपर्यंत शाळा पूर्ण करू द्यावी आणि नववीपासून घरी आणावं. आपल्याकडं बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते, पुढं एसटीनं तालुक्याला जावं लागतं. घरच्या शिक्षणाचा विचार अनेकांच्या मनात तेव्हाच येतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलगी घरी शिकते म्हणजे ती भाकरी थापायला, धुणं-भांडी करायला आणि धाकट्यांना सांभाळायला मोकळी झाली असं नव्हे. भावाच्या अभ्यासाचे तास ठरलेले आणि हिचे मात्र कामातून उरलेले, असं असेल तर तिला शाळेतच पाठवा.

रस्ता पहिला: राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची दहावी किंवा बारावी बाहेरून द्यायची असेल तर हा फॉर्म. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे संभाजीनगर विभागीय मंडळात येतात. लातूर, नांदेड आणि धाराशिव लातूर विभागीय मंडळात.

दहावीसाठी उमेदवार किमान पाचवी पास असावा लागतो. बारावीसाठी दहावी पास. वयाच्या आणि शाळा सोडल्याच्या तारखेच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत छापलेल्या असतात. ती सूचना साधारण पावसाळ्यात निघते, परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्क तिथंच भरायचं. कागद हे लागतात: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचा फोटो, चालू मोबाइल नंबर आणि ई-मेल. दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. फॉर्ममध्ये संपर्क केंद्र म्हणून एक शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय निवडावं लागतं, आणि फॉर्मची प्रिंट व मूळ कागद तिथं नेऊन द्यायचे असतात. केंद्र एकदा निवडलं की बदलून मिळत नाही, म्हणून नकाशावर जवळ दिसतं ते न घेता जिथली एसटी वेळेवर येते ते घ्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते यानंतर. फॉर्म १७ म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र आणि परीक्षा शुल्क हा वेगळा टप्पा असतो आणि तो संपर्क केंद्रामार्फतच होतो. नावनोंदणी झाली म्हणून निर्धास्त राहून आवेदनपत्राची तारीख चुकवली तर वर्ष गेलं. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनासाठीही त्याच शाळेत जावं लागतं, तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांना आणि लिपिकाला पहिल्याच भेटीत आपला फोन नंबर देऊन ठेवा.

रस्ता दुसरा: एनआयओएस

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ मध्ये सुरू झाली. ती केंद्र सरकारची आहे, मुख्यालय नोएडाला आणि आपलं प्रादेशिक केंद्र पुण्याला. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी मला हाच रस्ता जास्त सोयीचा वाटतो. सगळ्यात मोठं कारण म्हणजे इथं शाळेचा दाखला नसला तरी दहावीला प्रवेश घेता येतो. आठवीची गुणपत्रिका असेल तर द्यायची, नसेल तर दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिकलो आहे असं स्वयंघोषणापत्र चालतं. वय मात्र ठरलेल्या तारखेला १४ पूर्ण हवं, बारावीसाठी १५.

पाच विषय घ्यावे लागतात, त्यात एक भाषा हवीच आणि जास्तीत जास्त दोन चालतात. माध्यम मराठी घेता येतं. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषयही मिळतात. गणित सोडण्याची मोकळीक आहे, आणि मुलं ती आनंदानं घेतात. पण अकरावी विज्ञान किंवा पॉलिटेक्निकचा विचार थोडा जरी असेल तर गणित आणि विज्ञान सोडू नका. पास व्हायला ३३ टक्के लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही, दोन आता आणि तीन पुढच्या वेळी असंही करता येतं. राज्य मंडळात दहावी नापास झालेल्यांना दोन विषयांपर्यंतचे गुण इकडं वळवून घेता येतात.

कागद: जन्मतारखेचा पुरावा, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, आठवीची गुणपत्रिका किंवा स्वयंघोषणापत्र, लागू असेल तर जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. सगळं स्कॅन करून चढवायचं असतं. गावातल्या सीएससीवाल्या (सरकारी ऑनलाइन सेवा केंद्राच्या) पोराकडून भरून घेतलंत तरी मोबाइल नंबर आणि ई-मेल त्याचा न देता स्वतःचा द्या. पुढची सगळी दारं त्या ओटीपीनंच उघडतात.

फॉर्ममध्ये अभ्यास केंद्र निवडायचं असतं. मूल्यमापनाच्या असाइनमेंट, ज्यांना टीएमए म्हणतात, त्यांचं वजन २० टक्के असतं. त्या लिहायचा मुलं कंटाळा करतात आणि मग निकालाच्या दिवशी हळहळतात. घरी शिकवणाऱ्या आईबापांनी दहावीच्या वर्षात एवढी एक गोष्ट हाती धरून करून घेतली तरी पुष्कळ झालं.

रस्ता तिसरा: राज्य मुक्त विद्यालय मंडळ

हे आपल्याकडं फार जणांना माहीत नाही. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेतं. मूल कधी शाळेत गेलंच नसेल, किंवा मधेच सुटलं असेल, तर पाचवी किंवा आठवीचं प्रमाणपत्र इथून मिळवून कागदाची साखळी जोडता येते.

नाव, जन्मतारीख आणि जात: इथंच अडतं

आपल्या चर्चच्या मंडळ्यांत एक खास अडचण आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात शमुवेल, शाळेच्या जनरल रजिस्टरात सॅम्युअल, आधारवर इंग्रजी अक्षरांत तिसरंच काहीतरी. योहान, याकोब, एस्तेर, मार्था यांचीही तीच गत. ऑनलाइन फॉर्मला यातलं काहीच समजत नाही, त्याला अक्षरं जुळलेली हवीत. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडं अर्ज देऊन नाव दुरुस्त करून घ्या आणि मग त्याबरहुकूम आधार सुधारा. शाळा सुटल्यावर रजिस्टरातली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा छापलं की काम आणखी वाढतं.

बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवा, पण जन्मतारखेसाठी त्याच्यावर विसंबू नका. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला काढा. जन्माची नोंदच झालेली नसेल तर एक वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात बराच काळ जातो, म्हणून हे काम दहावीच्या वर्षावर ढकलू नये.

जातीच्या रकान्यात हातात असलेल्या प्रमाणपत्राप्रमाणंच भरा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. आजोबांचा जुना दाखला आहे म्हणून धर्म ख्रिस्ती आणि प्रवर्ग अनुसूचित जाती असं एकाच फॉर्मवर लिहिलं तर पुढं पडताळणीत मुलाचंच नुकसान होतं. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. अल्पसंख्याक रकान्यात ख्रिस्ती लिहिता येतं, तो राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहे.

शाळेतून दाखला काढताना यूडायस पोर्टलवर, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) गेलं का, तेही विचारा. दुसऱ्या शाळेत जायची वेळ आली तर तिथूनच त्याची माहिती उचलली जाते. मूळ दाखला देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा.

घर, प्रार्थना आणि परीक्षेचं वेळापत्रक

सकाळची कौटुंबिक प्रार्थना, नीतिसूत्रांतला एक अध्याय, स्तोत्रं पाठ करणं, मग गणित, असा क्रम बहुतेक घरांत असतो आणि तो चांगलाच आहे. फक्त पवित्र शास्त्राचा अभ्यास गुणपत्रिकेवर येणार नाही, हे मुलांनाही माहीत असू द्या. काही घरं अमेरिकेतली ख्रिस्ती होमस्कूलिंगची पुस्तकं मागवतात. ती जरूर वाचावीत, इंग्रजी सुधारतं. पण त्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर इथली अकरावी मिळेल अशा भरवशावर राहू नका, मान्य मंडळाची दहावी हवीच. तिकडं पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे आणि त्यांची व्यवस्था त्यावर उभी आहे. आपली नाही.

परीक्षेचा हंगाम निवडताना घरचं पाहा. एनआयओएसची ऑक्टोबरची परीक्षा नेमकी सोयाबीनच्या काढणीत आणि दिवाळीच्या आसपास येते. शेतकरी घरात तेव्हा पोरगा पुस्तक घेऊन बसला तरी मन खळ्यावर असतं. एप्रिलची परीक्षा कडक उन्हात आणि ईस्टरच्या आगेमागे येते. उपवासकाळाच्या संध्याकाळच्या सभा, उत्तम शुक्रवारच्या उपासनेची गायनं, तरुण संघाची नाटुकली, हे सगळं तेव्हाच. तरी मी एप्रिल निवडायला सांगेन, कारण पाळकसाहेबांना सांगून एका मुलाला गायनपथकातून महिनाभर सुट्टी मिळते, काढणीतून मिळत नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेला नाताळाचा आठवडा गेला की हाती दोनच महिने उरतात, हे नोव्हेंबरातच लक्षात घ्यावं.

दहावीनंतर

एनआयओएसची दहावी पास झालेल्यांना राज्याच्या अकरावी प्रवेशात अर्ज करता येतो. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली आहे, त्यामुळं लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांसाठीही तोच फॉर्म. दुसऱ्या मंडळाची गुणपत्रिका चढवावी लागते, ती आधी डिजिलॉकरमधून उतरवून घ्या. बारावीही एनआयओएसमधूनच करायची असेल तर दहावी आणि बारावी यांत दोन वर्षांचं अंतर धरून चाला.

मुलाला पुढं डॉक्टर व्हायचं असेल तर बारावीच्या फॉर्मआधी दोन गोष्टी बघा. नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, त्या वर्षीच्या माहितीपत्रकात मुक्त विद्यालयाच्या उमेदवारांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा, कारण हा मुद्दा आधी न्यायालयात गेलेला आहे. दुसरं, राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात किंवा लातूरच्या उदगीरकडं सीमेपलीकडचं तेलंगणातलं वा बीदरचं अभ्यास केंद्र जवळ पडतं म्हणून ते निवडायचा मोह होतो. दोन तास जास्त प्रवास झाला तरी चालेल, केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या.