खासगी तलाव

खासगी तलाव : स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर बांध घालून किंवा खोदकाम करून मुद्दाम साठवलेले गोडे पाणी. केवळ सिंचनासाठी, गुरांसाठी किंवा मत्स्यशेतीसाठी केलेले साठे येथे विचारात घेतलेले नाहीत. पाण्याकाठी बसावे, पोहावे, गळ टाकावा आणि त्या पाण्याच्या आश्रयाला येणारे पशुपक्षी न्याहाळावेत, या हौसेतून झालेल्या तलावांची ही नोंद आहे. त्यांचा विस्तार काहीशे चौरस मीटरपासून कित्येक हेक्टरांपर्यंत असतो.

लहान तलावाचे खोदकाम काही आठवड्यांत उरकते. पुढची कित्येक वर्षे तो कसा वागेल हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात : पाणी कुठून येते, काठ किती उतरता आहे आणि मासे सोडले की नाही. हौशी मालकाचा पैसा मात्र बहुधा खोलीवर आणि पाण्याच्या विस्तारावर खर्च होतो.

इतिहास : रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरीस समुद्रकाठच्या वाड्यांत माशांची तळी बाळगणे हे श्रीमंतीचे लक्षण होते. राज्यकारभार सोडून माशांत रमलेल्या या उमरावांची सिसेरो या रोमन वक्त्याने व मुत्सद्द्याने पत्रांतून यथेच्छ टिंगल केली आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, ट्रेबॉन परिसरात रोझम्बर्क घराण्याने कार्प माशांसाठी तलावांची साखळीच उभी केली. त्यांतला सर्वांत मोठा रोझम्बर्क तलाव याकुब क्रचिन या कारभाऱ्याने १५८४ ते १५९० या काळात बांधला. हेतू निव्वळ कमाईचा होता. तरीही पाणपक्ष्यांनी हा सारा परिसर आपलासा केला आणि १९७७ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तलाव हा देखाव्याचा भाग झाला. ‘केपेबिलिटी’ ब्राउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यानकाराने १७६४ पासून ब्लेनम येथे ग्लाइम ही छोटी नदी अडवून वळणदार तलाव केला. तलाव कुठे संपतो हे कळू नये, म्हणून त्याची टोके वळणाआड किंवा झाडीआड लपवण्याची ब्राउनची युक्ती आजही वापरली जाते.

वन्यजीवांसाठी तलाव राखण्याच्या कल्पनेत मात्र चार्ल्स वॉटर्टन (१७८२–१८६५) हा इंग्लंडमधील यॉर्कशरचा जमीनदार सर्वांच्या पुढे होता. त्याचे घर, वॉल्टन हॉल, तलावातल्या बेटावर उभे आहे. १८२० च्या दशकात त्याने आपल्या जमिनीभोवती सुमारे ५ किलोमीटर लांबीची उंच भिंत बांधली, आत बंदुकीला मनाई केली, दरडींत बिळे करणाऱ्या पाकोळ्यांसाठी भोके ठेवलेली भिंत उभारली आणि घरात बसून दुर्बिणीतून पक्षी पाहत राहिला. शेजारच्या साबण कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध तो कोर्टातही गेला. लोक त्याला विक्षिप्त समजत. पण आजच्या कोणत्याही पक्षी अभयारण्यातल्या बहुतेक गोष्टी त्याने आधीच करून ठेवल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने ती जमीन विकली. खासगी अभयारण्याला मालकाच्या आयुष्याची मर्यादा असते, ती अशी.

जागा आणि पाणी : तलावाला पुरेसे पाणलोट क्षेत्र लागते, पण बेताचेच. ते अपुरे असेल तर पाणी तळाला जाते. फार मोठे असेल तर प्रत्येक पुराबरोबर गाळ येतो आणि सांडवाही (जादा पाणी बाहेर पडण्याची वाट) अवाढव्य बांधावा लागतो. खतावलेल्या शेतांतून किंवा गोठ्यांवरून वाहत येणारे पाणी तर टाळलेलेच बरे. का, ते पुढे येईल. वाहता ओढा थेट अडवण्याऐवजी त्यातून चर काढून बाजूला तलाव करणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्यामुळे ओढ्यातल्या माशांचा मार्ग मोकळा राहतो आणि पुराचा लोंढाही अंगावर येत नाही. ओढ्याला हात लावायचा तर परवानगी बहुतेक देशांत लागतेच. इंग्लंडमध्ये तर भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच पातळीवर २५,००० घनमीटरपेक्षा जास्त पाणी साठवणारा तलाव, खासगी असला तरी, जलाशय सुरक्षेच्या कायद्याखाली येतो.

जमीन पाणी धरते का, हे खड्डे घेऊनच समजते. प्रस्तावित तळापेक्षा खोल असे काही खड्डे घ्यावेत, पाण्याने भरावेत आणि पातळी रोज मोजावी. ओली माती हातात वळून तिची लांब वळी होत असेल तर चिकणमाती पुरेशी आहे. वाळू किंवा खडकातल्या भेगा निघाल्या तर चिकणमाती बाहेरून आणून थराथराने दाबणे, बेंटोनाइट (पाण्याने फुगून भेगा बुजवणारी माती) मिसळणे किंवा प्लास्टिकचे अस्तर घालणे, एवढेच मार्ग उरतात. पाणी किती मावेल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे : पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले सर्वाधिक खोली गुणिले ०.४. एक हेक्टर विस्ताराच्या आणि ३ मीटर खोलीच्या तलावात सुमारे १२,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर पाणी राहते.

बांध आणि सांडवा : मातीच्या बांधाखाली आधी चर खणून तो चिकणमातीने भरतात, म्हणजे पाणी पायाखालून पाझरत नाही. त्यावर भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, किंचित ओला ठेवून, रोलरने दाबत चढवतात. पाण्याकडचा उतार साधारण ३ ला १, म्हणजे तीन मीटर आडव्या अंतराला एक मीटर उंची, असा असतो. बांधावर गवत राखावे, झाडे लावू नयेत. झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. बिळे करणाऱ्या प्राण्यांवरही लक्ष ठेवावे लागते. तळाशी झडपेचा नळ हवाच. नाहीतर दुरुस्तीच्या वेळी तलाव रिकामा करणे ही मोठी डोकेदुखी होते.

सांडव्यात काटकसर केल्याचा सर्वांत भीषण दाखला एका हौशी तलावाचाच आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब या धनिकांच्या क्लबने कालव्यासाठी बांधलेले एक जुने धरण विकत घेतले आणि त्याच्या पाण्यावर नौकाविहार व मासेमारी सुरू केली. तळाचे विसर्गनळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा खाली घेतला आणि सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्या काटक्याकचऱ्याने तुंबल्या, पाणी बांधावरून वाहू लागले आणि बांध फुटला. खालच्या जॉन्सटाउन शहरात आणि वाटेवरच्या वस्त्यांत २,२०९ माणसे दगावली. छोट्या तलावाच्या मालकालाही यातून एक प्रश्न स्वतःला विचारता येतो : बांध फुटला तर पाणी कोणाच्या घरात शिरेल?

काठ : वन्यजीवांच्या दृष्टीने तलाव म्हणजे मुख्यतः काठ. पाणवनस्पती, कीटक, गोगलगायी, बेडकांची अंडी यांतले बहुतेक सारे पहिल्या अर्ध्या मीटर पाण्यातच सापडते. म्हणून निदान काही भागात उतार १० ला १ किंवा २० ला १ इतका मंद ठेवतात आणि काठरेषेला खाचाखोचा देतात. ताशीव दगडांनी चहूबाजूंनी बांधून काढलेला तलाव दिसायला नेटका असतो, पण त्यात पडलेल्या साळिंदराच्या पिल्लालासुद्धा बाहेर पडता येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडा पडणारा चिखल मालकाला कुरूप वाटतो. तुतारी आणि धोबी या पक्ष्यांना नेमका तोच हवा असतो. पातळी वर्षभर एकसारखी राखण्याचा अट्टाहास म्हणून करू नये.

एका बाजूला खोली हवी. कडक थंडीत, कडक उन्हात आणि अवर्षणात माशांना, कासवांना आसरा मिळतो तो तिथे. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते, त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळाचे पाणी द्रवरूपच राहते. बेट केले तर टिबुकली, वारकरी, बदके या पाणपक्ष्यांना घरट्यांसाठी थोडी निर्धास्त जागा मिळते, मात्र उंदीर आणि मुंगूस उत्तम पोहतात हे विसरू नये. खंड्याला घरट्याच्या बिळासाठी उभी, उघडी दरड लागते. सुरय पक्ष्यांना उघडी रेती किंवा खडी भरलेला तराफा चालतो. पाण्यात पडलेला ओंडका काढून टाकण्याची घाई नको. पाणकावळा पंख वाळवायला आणि कासव ऊन खायला त्यावरच येते.

जीवसृष्टीचे आगमन : नवा तलाव आपण होऊन वसतो. पाणढेकूण आणि पाणभुंगेरे पहिल्या काही आठवड्यांतच उडत येतात. पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून ते पाणी ओळखतात. (चकचकीत मोटारीच्या टपावर अंडी घालणारे चतुर याच खुणेने फसलेले असतात.) बाकीचे पक्ष्यांच्या अंगावरून येते. चार्ल्स डार्विनने एका तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घेतला, सहा महिने झाकून ठेवला आणि त्यातून उगवलेली रोपे एकेक करून मोजली. ती ५३७ भरली. नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी बदकाच्या पायाला चिकटून दमट हवेत १२ ते २० तास जगतात, हेही त्याने करून पाहिले. माशांची अंडीसुद्धा असा प्रवास करू शकतात : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बदकांना खाऊ घातलेल्या कार्पच्या अंड्यांपैकी अगदी थोडी, हजारात दोन इतकी, विष्ठेतून जिवंत बाहेर पडली.

रोपे विकत आणायचीच असतील तर परिसरात मुळात वाढणारीच आणावीत. जलपर्णी मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. फुले देखणी म्हणून ती जगभर बागांमध्ये नेली गेली. अनुकूल हवामानात दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि खालचे पाणी अंधारात जाते. पाणकणीसही, देशी असूनही, उथळ तलाव सहज बळकावतो.

मासे : मासे सोडण्याचा निर्णय इतर सर्व निर्णयांपेक्षा मोठा आहे, कारण तो मागे घेता येत नाही. मासे बेडकांची अंडी आणि बेडूकमासे, चतुरांच्या अळ्या, पाण्यातले सूक्ष्म कवचधारी असे सारेच खातात. भेकांची (खडबडीत कातडीच्या बेडकांची) पिल्ले बेचव असल्याने बहुधा वाचतात; बाकीच्या उभयचरांना बिनमाशांचे तळेच मानवते. डासांच्या नायनाटासाठी जगभर सोडलेला गॅम्बुसिया मासा या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. चतुरांच्या अळ्या आणि पाणभुंगेरे भरपूर असलेल्या तळ्याला त्याची गरजही पडत नाही. तळ उकरणारे कार्प गाळ ढवळतात, मुळे उपटतात आणि निवळशंख पाणी गढूळ करून टाकतात.

गळाची हौस असलेल्याला अर्थातच मासे हवेत. तिथे प्रश्न प्रमाणाचा. अमेरिकेत ऑबर्न येथे होमर स्विंगल याने १९३० च्या दशकापासून प्रायोगिक तळ्यांत ब्लूगिल हा खाद्यमासा आणि लार्जमाउथ बास हा शिकारी मासा यांच्या जोडीचा अभ्यास केला. मालक मोठे बास पकडून नेतो, ब्लूगिल बेसुमार वाढतात आणि अन्न कमी पडून सारेच खुजे राहतात, हे दुष्टचक्र त्यातून स्पष्ट झाले. जागा असेल तर दोन तळी करावीत, एक माशांचे आणि एक बिनमाशांचे. वाद मिटतो.

शेवाळ आणि प्राणवायू : पाणी हिरवे का होते याचे सर्वांत गाजलेले उत्तर कॅनडातील ऑन्टॅरिओच्या ‘लेक २२६’ मध्ये मिळाले. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी हा तलाव पडद्याने दुभागला. एका भागात कार्बन व नायट्रोजन टाकले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. दुसरा भाग नीलहरित शैवालाने माखला. पहिला स्वच्छ राहिला. खते, शेण, माशांचे खाद्य, बदकांना टाकलेला पाव या साऱ्यांतून तोच फॉस्फरस तलावात उतरतो. शैवालनाशक औषधाने शेवाळ मरते, फॉस्फरस मात्र पाण्यातच राहतो आणि कुजणारे शेवाळ प्राणवायू खाते. येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर गवताचा रुंद पट्टा किंवा गाळ बसण्यासाठी छोटे तळे ठेवणे हा खरा उपाय. काही नीलहरित शैवाले विषारी असतात. असा तवंग असताना पोहू नये आणि कुत्र्यालाही पाण्यात सोडू नये.

रात्रभर सारे जीव प्राणवायू वापरतात आणि तो तयार मात्र होत नाही, म्हणून मासे गुदमरतात ते पहाटे. उन्हाळ्यात अचानक थंड पावसाने वरचे-खालचे पाणी मिसळले तर प्राणवायूहीन तळपाणी वर येऊन एका रात्रीत मासे मरू शकतात. शोभेच्या कारंज्यापेक्षा तळाशी बुडबुडे सोडणारी नळी जास्त उपयोगी पडते. पाण्याची पारदर्शकता मोजायला १८६५ मध्ये आंजेलो सेक्की याने वापरलेली साधी तबकडी अजून पुरते : दोरीने ती खाली सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. वर्षानुवर्षांच्या या नोंदीतून तलावाची तब्येत जितकी कळते तितकी कोणत्याही महागड्या यंत्राने कळणार नाही.

आस्वाद : लपणीची झोपडी अशी बांधावी की सकाळ-संध्याकाळचे ऊन पाठीशी राहील, तिथवरची वाट झाडीआडून न्यावी. पायवाट तलावाभोवती पूर्ण फिरवू नये. एक काठ माणसांविना राहिला तरच बुजरे पक्षी आणि ऊद (पाणमांजरे) टिकतात. कुत्री, यांत्रिक बोटी आणि रात्रभर जळणारे दिवे यांनी केलेला बिघाड कोणत्याही लागवडीने भरून निघत नाही. गळाला शिशाची वजने लावू नयेत. ती गिळून हंस मरत असल्याने ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये त्यांवर बंदी आली. अंधार पडल्यावर विजेरीच्या झोतात उथळ काठ पाहणे हा फार कमी जणांनी घेतलेला आनंद आहे : दिवसा दडलेले पाणविंचू, कोळंबी आणि चतुरांच्या अळ्या तेव्हा शिकारीला निघतात, आणि वर वटवाघळे.

गाळ : प्रत्येक तलाव भरत जातो. पाने, मेलेल्या वनस्पती आणि वाहून आलेली माती यांनी उथळ भाग आधी दलदल आणि मग जमीन होतो. गाळ काढायचा तर एका हंगामात निम्म्याहून कमी भागातलाच काढावा, आणि विणीचा काळ टाळून. उपसलेला गाळ एक-दोन दिवस काठावरच ठेवला तर त्यातले बरेचसे जीव सरपटत पाण्यात परततात. त्यानंतर मात्र तो पाणलोटाच्या बाहेर न्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात त्यातला फॉस्फरस पुन्हा तलावात येतो.