बिडाची टपालपेटी (बेळगाव सीमाभाग)

रस्त्याकडेला रोवलेली, ओतीव लोखंडाची, खांबासारखी गोल पत्रपेटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात तिला नुसते ‘पोस्टाची पेटी’ म्हणतात.

रस्त्यावर पेटी उभारण्याची सूचना ब्रिटिश टपाल खात्यातील अधिकारी आणि कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप यांनी केली. त्यानुसार १८५२ मध्ये जर्सी बेटावर पहिल्या पेट्या बसल्या. त्याआधी १८४० पासून तिकीट आगाऊ चिकटवण्याची सोय झाली होती, म्हणूनच कारकुनाच्या हाती पत्र न देता ते पेटीत टाकून निघून जाणे शक्य झाले. भारतात १८५४ च्या टपाल कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अंतर कितीही असो, अर्धा आणा दर ठरला आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि इथे लष्कराची छावणी होती. पुढे सदर्न मराठा रेल्वे आल्यावर टपाल गाडीने जाऊ लागले.

इंग्लंडमध्ये सुरुवातीला पेट्यांना हिरवा रंग देत. तो लोकांच्या नजरेत भरत नसे, म्हणून १८७४ पासून लाल रंग घेतला गेला. भारतातही तोच रूढ झाला, बुडाशी काळा पट्टा ठेवून.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवडण्यामागे पक्का हिशेब आहे. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते. त्यामुळे ते पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळते आणि वाळूच्या साच्यात बारीक कोपऱ्यापर्यंत भरते. उठावाची अक्षरे, मुकुट, काठाची नक्षी एकाच ओतकामात उमटते. धड, टोपी आणि दार वेगवेगळे ओतून जोडतात. खालचा भाग जमिनीत गाडल्यामुळे पेटी ढकलून पडत नाही. टोपीचा काठ धडाबाहेर आलेला असतो आणि पत्र टाकायच्या फटीवर पुढे आलेली झडप असते. खानापूरकडच्या आडव्या पावसात ही झडप किती मोलाची आहे, हे पावसाळ्यात तिथे कार्ड टाकलेल्याला सांगावे लागत नाही. दारावर टपाल काढण्याच्या वेळेची पाटी असते. पोस्टमन किल्लीने दार उघडून टपाल पिशवीत भरतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. टपाल खाते केंद्राचे असल्यामुळे पेट्या जागच्या जागी राहिल्या आणि त्यांत मराठी पत्ते लिहिलेली पत्रे पडत राहिली. सोयरिकी कोल्हापूर, सांगली, चंदगडकडे असल्याने लग्नपत्रिका आणि खुशालीची कार्डे राज्याची हद्द ओलांडूनच जात. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी भाषक आणि संस्कृतचे कवी होते. बेळगाव शहराला ५९०००१ मिळाला. शेजारच्या चंदगड तालुक्याला मात्र कोल्हापूर जिल्ह्याचा ४१६ ने सुरू होणारा क्रमांक मिळाला. एका पेटीतून निघालेले शेजारच्या गावचे पत्र त्यामुळे वेगळ्या विभागाच्या थैलीत पडू लागले. सीमाप्रश्नाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण रोजच्या टपालाच्या या वाटणीची दखल फारशी घेतलेली दिसत नाही आणि ती घ्यायला हवी.

फोन, कुरिअर आणि मोबाईल आल्यावर पत्रे आटली. नव्या पेट्या बहुधा पत्र्याच्या असतात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये सामावले गेले.

जुन्या पेट्यांचे दोन शत्रू आहेत. रंगावर रंग चढवत गेल्याने उठावाची अक्षरे बुजतात. आणि बीड ठिसूळ असल्याने वाहनाची धडक बसली की ते वाकत नाही, तडकते. तडकलेले बीड आधी नीट तापवून घेतल्याशिवाय जोडले तर सांध्याशेजारी पुन्हा चीर जाण्याचा धोका असतो. अशी पेटी भंगारात घालण्याचे मात्र कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा उद्योग बेळगावातच सुरू केला होता, आणि तिथल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आजही फाउंड्र्या चालतात. जुन्या दारावरून लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करून नवे दार ओतणे हे त्यांच्या नेहमीच्या कामातलेच आहे.