ल बेनेदिसिते (मुद्राचित्र)

जेवणापूर्वीच्या प्रार्थनेचे फ्रेंच मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पटावरून कागदावर काढलेला छाप. झाँ सिमेआँ शार्दँ (१६९९–१७७९) याच्या त्याच नावाच्या तैलचित्रावरून फ्रांस्वा बेर्नार लेपिसिए याने ते १७४४ मध्ये ताम्रपटावर कोरले. मूळ चित्र १७४० च्या पॅरिस सालाँमध्ये (अधिकृत कलाप्रदर्शनात) मांडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पंधराव्या लुईला भेट म्हणून देण्यात आले. ते सध्या लूव्हर संग्रहालयात आहे. राजाच्या संग्रहात गेलेले चित्र सामान्य पॅरिसकराच्या नजरेस पडणे कठीणच होते. त्यामुळे ते घराघरांत पोचले ते प्रामुख्याने कागदावरच्या छापांतून.

प्रसंग अगदी साधा आहे. पांढरा कपडा अंथरलेले टेबल, त्यावर वाढणारी आई, टेबलाशी बसलेली मोठी मुलगी, आणि ठेंगण्या खुर्चीवर हात जोडून बसलेले धाकटे मूल. अंगातल्या झग्यामुळे हे मूल आज अनेकांना मुलगी वाटते. त्या काळी लहान मुलग्यांनाही झगेच घालत. खुर्चीला अडकवलेला खेळण्यातला ढोल हा मुलगा असल्याची खूण मानली जाते.

शंका उरलीच, तर छापाखालच्या चार ओळी ती दूर करतात. त्यांचा आशय असा : धाकटा भाऊ अडखळत प्रार्थना म्हणतो, बहीण त्याला चोरून हसते, त्याला मात्र त्याचे काहीच नाही, पोटात भूक असल्याने तो ती भराभर उरकतो. अशा ओळी लेपिसिए अनेकदा स्वतःच रचत असे. तैलचित्रात सगळे शांत आहे. बहीण खरोखर हसते की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून ठामपणे सांगता येत नाही. पद्य मात्र त्या शांततेचा मिस्कील कौटुंबिक किस्सा करून टाकते. छाप खपण्याला त्याची मदत झाली असेल, पण चित्रापेक्षा ते जरा जास्तच बोलते.

अशी मुद्राचित्रे बहुधा अम्लरेखन आणि उत्कीर्णन यांच्या मिश्र पद्धतीने करत. आधी आम्लाने रेषांचा सांगाडा उतरवायचा, मग कोरणीने तांब्यात जाड-बारीक रेषा खोदून छायाप्रकाश भरायचा. शार्दँचे जाड, खरबरीत रंगलेपन अशा रेषांत उतरवणे सोपे नव्हते. ताम्रपटावरची प्रतिमा कागदावर उलटी उमटते, हेही कोरणाऱ्याला ध्यानात ठेवावे लागे. प्रतिमेखाली डावीकडे चित्रकाराचे व उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव घालण्याचा प्रघात होता.

लेपिसिए हा १७३७ पासून फ्रेंच शाही कला-अकादमीचा सचिव होता. शार्दँच्या ‘ला गुव्हेर्नांत’ (१७३९) व ‘ला मेर लाबोरियज’ (१७४०) या चित्रांची मुद्राचित्रेही त्याचीच. त्याची पत्नी रने एलिझाबेथ मार्लिए हीदेखील मुद्राचित्रकार होती. शतकाच्या उत्तरार्धात बोदुआँ या चित्रकाराच्या चित्रांवरून शयनगृहातल्या शृंगारिक प्रसंगांचे छाप निघू लागले. घरातले खासगी जीवन हा विषय तोच असला, तरी शार्दँच्या जेवणघराशी त्यांचे नाते दूरचे आहे.