मशीनवर बसण्याआधी सीट बघा
(जिमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

मशीनवर तोल सांभाळावा लागत नाही, वजन ठरलेल्या वाटेनेच वर-खाली होते. नवख्यांना म्हणूनच आम्ही आधी मशीनवर बसवतो. पण ती वाट तुमच्या उंचीला जुळलेली नसेल, तर सगळा ताण गुडघ्यावर किंवा खांद्यावर येतो. तुमच्या आधी सहा फुटी मुलगा त्या सीटवर बसून गेला आहे असेच धरून चाला. सीट, पाठीची गादी, पॅड आणि पिन (किती वजन उचलायचे ते ठरवणारी खीळ) स्वतः तपासा. संध्याकाळी गर्दी असते हे खरे, पण तेवढा वेळ मागचा माणूस थांबेल. नाही थांबला तर आम्हाला हाक मारा.

लेग एक्स्टेन्शनवर (बसून पाय गुडघ्यातून सरळ करायचे मशीन) मशीनचा दांडा ज्या बोल्टभोवती फिरतो, त्याच्या अगदी समोर तुमचा गुडघा आला पाहिजे. गुडघा पुढे किंवा मागे राहिला तर पाठीची गादी सरकवा. खालचा पॅड घोट्याच्या जरा वर असू द्या. चेस्ट प्रेसला (बसून हँडल पुढे ढकलायचे मशीन) मुठी छातीच्या मध्याला येतील इतकी सीट ठेवा. सीट खाली राहिली की मुठी खांद्याच्या रेषेत जातात आणि आठवडाभराने खांदा कुरकुरू लागतो. लॅट पुलडाउनचा (वरून खाली ओढायच्या मशीनचा) बार समोरून छातीपर्यंत ओढा, मानेमागे नको.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चुका लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायचे मशीन) होतात. प्लेटा चढवण्याची हौस दांडगी! पाय खाली घेताना कंबर गादीवरून सुटू लागली की तिथेच थांबा, त्याखाली जाऊ नका. वर ढकलताना गुडघे ताठ लॉक करू नका. बाजूचे सेफ्टी हँडल लावून झाल्याशिवाय पाय काढायचे नाहीत.

वजन किती लावायचे? दहा-बारा रेप्स (तीच हालचाल पुन्हा पुन्हा) नीट होतील आणि शेवटच्या दोन जड जातील इतके. प्लेटा खाली धाडकन आपटत असतील तर वजन जास्त आहे किंवा घाई जास्त आहे. पिन पूर्ण आत गेली पाहिजे, आणि ती त्याच मशीनची हवी. पिन सापडत नाही म्हणून कुणी स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेला आम्हाला चालणार नाही. प्लेटा मध्येच अडकल्या तर खाली हात घालू नका. केबलचे आवरण फाटून तारा दिसत असतील तर ते मशीन बंद समजा आणि काउंटरवर कळवा. ओढणी आणि लांब चेन लॉकरमध्ये ठेवा. पावसाळ्यात ओले बूट बाहेर काढून कोरडे घाला.

जोर लावताना श्वास सोडा, परत येताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. बीपी, हृदयविकार, हर्निया, स्लिप डिस्क, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. बसल्या जागी बीपी 180/110 च्या वर असेल तर वजने उचलायची नाहीत.

त्याच स्नायूंना मध्ये निदान एक दिवस विश्रांती द्या. गणपतीआधी ढोल पथकाच्या सरावाला जाणाऱ्यांनी त्या दिवसांत खांद्याची मशीन सोडलेलीच बरी. ढोल काही कमी वजनाचा नसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे नेहमीचे आहे. सांध्यात कळ आली तर मात्र सेट तिथेच सोडा. अंग खूप सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीवर दाब, दरदरून घाम, चक्कर यांपैकी काही झाले तर सकाळच्या मिसळीची ॲसिडिटी म्हणून बसून राहू नका. ट्रेनरला सांगा, आम्ही लगेच 108 ला फोन करू.

नवीन मशीनवर पहिल्यांदा बसताना ट्रेनर सोबत राहील, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुमच्या सीटचा आणि पाठीच्या गादीचा आकडा तो कार्डावर लिहून देईल. कार्ड काउंटरवर मिळते.