आजीची रामदास बोट दर वेळी वेगळी का बुडायची?

दिवाळी अंक आले की आमच्या वाचनालयात माझी उलटतपासणी सुरू होते. वर्षाकाठी मी एखाद-दुसरी कथा लिहितो आणि तिच्यात कुणी ना कुणी मरतंच. यंदा एका काकूंनी अंक मिटून टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना? नाही, असलं सुचतं कुठून तुम्हाला?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी उत्तर देऊन टाकलं, "उजवा मेंदू. कलावंतांचा उजवा चालतो, आपला डावा." त्यांच्या फोनवर तसा संदेश फिरत आला होता. खाली कसल्याशा शिबिराची फीसुद्धा होती.

उजव्या मेंदूचं आधी उरकून घेऊ. बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूची डावी बाजू जास्त सांभाळते, एवढं खरं. पण माणसंच डाव्या किंवा उजव्या मेंदूची असतात, हे खोटं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. एक बाजू एकंदरीत वरचढ असलेली माणसं त्यांना सापडली नाहीत. शिवाय कथा भाषेतच लिहायची असते, तेव्हा त्या संदेशाच्या हिशेबानं लेखकाला डावाच लागायला हवा. मुलांचा 'मधला मेंदू जागा करून' डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे क्लासही याच जातकुळीतले. ती मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघत असतात.

काकूंचा प्रश्न मात्र चांगला होता. माझ्यापुरतं त्याचं उत्तर आजी आणि रामदास बोट.

अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या घरांत ही बोट कुणाला सांगावी लागत नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजीचा धाकटा भाऊ, आमचा बाबूमामा, त्या वेळी मुंबईत होता. तो वाचला कसा, ही आजीची गोष्ट.

मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मामाची बोट उशीर झाल्यामुळे चुकली होती. पुढे तो बोटीत चढलेला होता आणि धक्क्यावर विसरलेली छत्री आणायला उतरला. मी कॉलेजात जाईपर्यंत एक बाई आली होती. काखेत मूल, अंगावर हिरवं लुगडं. मामा छत्रीसाठी उतरला आणि त्याच्या जागेवर ती बसली. आजीच्या गोष्टीत बोट मिट्ट काळोखात बुडायची. खरी रामदास सकाळी बुडाली.

आजी गेल्यावर मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "मी तिकीटच काढलं नव्हतं रे. डोंगरीला कामावर होतो."

आजी खोटं बोलत नव्हती. त्या बाईचं सांगताना तिचा हात खरंच थरथरायचा. मग ही बाई आली कुठून?

पहिला टप्पा सोपा आहे. भीती किंवा दुःखाचा प्रसंग घडला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. त्याची वर्दी व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत पोचते आणि मग मेंदूत नॉरॲड्रेनालिन सुटतं. कानशिलाच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. नॉरॲड्रेनालिन मिळालं की तो शेजारच्या, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो, हे नीट लिहून ठेव. १९९४ मध्ये लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांच्या गटानं याची परीक्षा घेतली, तीही एका गोष्टीनं. काही लोकांना चित्रांसह एक साधी गोष्ट सांगितली आणि काहींना त्याच चित्रांवर बेतलेली भयंकर गोष्ट, ज्यात लहान मुलाला गाडी ठोकरते. आठवड्यानं विचारलं, तर अपघाताचा भाग लोकांना जास्त आठवत होता. पण ज्यांना आधी प्रोप्रानोलॉल दिलं होतं, त्यांना तो तसा ठळक आठवला नाही. ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी नॉरॲड्रेनालिनची वाट अडवते. साधी गोष्ट मात्र त्यांना इतरांइतकीच आठवत होती.

म्हणून गावातली लग्नं पुसट होतात आणि बुडालेली होडी राहते. लेखकाच्या कोठारात काळा माल जास्त असतो, त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही.

आता माझा लाडका भाग. पूर्वी समजूत अशी होती की आठवण एकदा पक्की झाली की झाली, दगडावरच्या शिलालेखासारखी. पक्की व्हायला मज्जापेशींना नवी प्रथिनं बनवावी लागतात. ती बनत असताना अडवली तर आठवण टिकत नाही, पण नंतर तिला धक्का नाही, असं मानलं जाई. वेगळा सूर १९६८ मध्येच एका उंदरांवरच्या प्रयोगानं लावला होता, त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग २००० साली करीम नाडर, ग्लेन शॅफ आणि जोसेफ लडू यांनी न्यूयॉर्कमध्ये पुढचा प्रयोग केला. उंदराला एक सूर ऐकवायचा आणि पाठोपाठ विजेचा हलका झटका द्यायचा. उंदीर शिकतो आणि नुसता सूर ऐकला तरी थिजून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी, आठवण पक्की झाल्यावर, सूर पुन्हा ऐकवला, झटका न देता. लगेच अमिग्डालात ॲनिसोमायसिन सोडलं. हे रसायन प्रथिनं बनणं थांबवतं. त्यानंतरच्या दिवशी सूर वाजला तर उंदीर फारसे थिजेनात.

खरी गंमत तुलनेच्या उंदरांत आहे. ज्यांना सूर न ऐकवताच ॲनिसोमायसिन दिलं, त्यांची भीती जशीच्या तशी राहिली. ज्यांना आठवण करून दिल्यावर सहा तासांनी दिलं, त्यांचीही राहिली. याचा अर्थ, आठवण पडून असते तेव्हा तिला काही होत नाही. ती वर काढली की काही तास ओली असते, आणि पुन्हा वाळवायला पेशींना पुन्हा प्रथिनं बनवावी लागतात. चौदा दिवस जुन्या आठवणीचंही तेच झालं. याला पुनर्दृढीकरण म्हणतात. उच्चारायला जड, पण शब्द नेमका आहे.

पेशीच्या पातळीवर हे आणखी देखणं आहे. आठवण ओली होते म्हणजे मज्जापेशींच्या सांध्यातली, सायनॅप्समधली, काही जुनी प्रथिनं मुद्दाम मोडली जातात. पेशीतली प्रोटिअसोम नावाची यंत्रणा, युबिक्विटिनची चिठ्ठी लागलेली प्रथिनं शोधून त्यांचे तुकडे करते. त्याआधी एनएमडीए ग्राहकांना (ग्राहक म्हणजे रिसेप्टर, पेशीवरचे इशारे टिपणारे रेणू), त्यातही ग्लूएन-टू-बी हा घटक असलेल्यांना, इशारा मिळावा लागतो. हे ग्राहक बंद केले तर आठवण ओली होतच नाही, आणि मग ॲनिसोमायसिनचंही काही चालत नाही. मोडायचं यंत्र वेगळं, बांधायचं वेगळं, आणि दोन्ही एकाच सांध्यावर एकापाठोपाठ चालतात. (इथे माझी बायको वाचायची थांबली. तुम्हीही हा परिच्छेद सोडलात तर पुढे अडणार नाही.)

निसर्गानं असा धोका पत्करला कशाला? रेवसच्या तांडेलाला विचारा. खडक जागचा हलत नाही, पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर सरकतो. गेल्या वर्षीची वाट तशीच डोक्यात ठेवली तर होडी रुतणार. म्हणून जुनी वाट आठवायची, समोरच्या पाण्याशी ताडून बघायची आणि दुरुस्त करून परत ठेवायची. आठवण सहसा अशी काही तफावत दिसली तरच ओली होते, असं बरेच प्रयोग सांगतात. दुरुस्तीच्या त्याच दारातून भलतंसलतंही आत येतं.

माणसांत ॲनिसोमायसिन देता येत नाही, ते विष आहे. माणसांवरचे पुनर्दृढीकरणाचे प्रयोग झाले आहेत, पण त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि उंदरापासून आजीपर्यंत मी मारलेली उडी लांब आहे. मात्र सांगताना गोष्ट बदलते, हे दाखवायला रसायन लागत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२ मध्येच ते मांडलं होतं. त्यानं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांची लोककथा इंग्रज वाचकांना देऊन पुन्हा पुन्हा आठवायला लावली. त्यांच्या सांगण्यात सीलची शिकार मासेमारी झाली आणि न कळलेली भुतं गळून पडली. जे ओळखीचं नाही ते ओळखीचं करून घ्यायचं, अशी ती रीत. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना, लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होतात, असं खोटंच सांगितलं, घरच्यांचा हवाला देऊन. साधारण चौथ्या हिस्स्याच्या लोकांना ते थोडंफार 'आठवलं'. आमच्याकडे जत्रेत हरवल्याची आठवण प्रत्येकाला असते. त्यातल्या किती खऱ्या, देव जाणे.

अमावास्येचं राहिलं. आजीच्या गोष्टीत शेवटी बोट गटारीनंच नेली. अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात आणि समुद्राला उधाण येतं, हे पंचांगाइतकंच भौतिकशास्त्रही सांगतं. पौर्णिमेलाही येतं, तिला मात्र कुणी अपशकुनी म्हणत नाही. रामदास जुलैच्या खवळलेल्या समुद्रात खचाखच माणसं भरून निघाली होती. सणाला घरी पोचायची घाई हा अमावास्येचा दोष असेल तर असो.

हिरव्या लुगड्याच्या बाईचा पत्ता मला उशिरा लागला. आजीच्या शेजारघरची एक सून त्या बोटीत होती, मुलासकट, हे आत्याकडून कळलं. तिचं कुणी कधी बोलत नसे. आजी मात्र भावाची गोष्ट सांगताना दर वेळी तिला थोडी थोडी आणत गेली असणार, आणि एक दिवस तिला बोटीत जागा मिळाली. मी त्या बाईवर तीन कथा लिहिल्या. पहिलीत ती बुडते, दुसरीत मूल वाचतं, तिसरीत छत्री तिची असते.

परवा लिहिता लिहिता मला त्या छत्रीचा वास आला, ओल्या कापडाचा आणि धक्क्यावरच्या डांबराचा. वासाची वर्दी इतर संवेदनांसारखी थॅलॅमस या मेंदूतल्या नाक्यावर थांबत नाही, ती थेट अमिग्डालापाशी जाते. म्हणून वास खरा वाटतो. आजीच्या ट्रंकेत ती छत्री मी लहानपणी पाहिली होती, बांबूच्या मुठीची, हे मला अगदी स्पष्ट आठवतं. ताईला फोन करून विचारलं.

ती म्हणाली, "छत्री कुठली? आजीच्या गोष्टीत गाठोडं होतं."