सध्या काय वाचताय? विज्ञानकथा आणि फॅण्टसी वाचणाऱ्या सभासदांसाठी माहितीपत्रक

वाचनालयाच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि त्याशेजारी एक जाड वही ठेवलेली असते. विज्ञानकथेचं किंवा फॅण्टसीचं पुस्तक घरी नेताना एक चिठ्ठी सोबत न्यावी, पुस्तक साधारण अर्धं झालं की भरून आणावी. यायला जमत नसेल तर चिठ्ठीचा फोटो पाठवला तरी चालतो. ती आम्ही वहीत लावतो आणि वही कुणीही उघडून वाचू शकतो.

अर्ध्यातच का, असं बरेच सभासद विचारतात. पुस्तक संपल्यावर वाचक शेवटाबद्दल बोलतो, आणि ज्यानं पुस्तक उघडलेलंच नाही त्याला त्याचा उपयोग नसतो. अर्ध्यात असलेल्या वाचकाला मात्र आपण कुठे अडखळलो, कोणत्या शब्दांनी दमवलं, कितव्या पानापासून पुस्तकानं ओढून घेतलं, हे सगळं ताजं आठवत असतं. नवं जग उभं करणारी पुस्तकं सुरुवातीला जड जातात आणि बरीचशी पहिल्या शंभर पानांतच परत येतात. ‘ऐंशीव्या पानापर्यंत धीर धरा’ एवढी एक ओळसुद्धा अशा पुस्तकाला वाचक मिळवून देते.

दुसरं कारण रांगेचं आहे. मालिकेचा दुसरा खंड तुमच्याकडे असतो तेव्हा त्यासाठी कुणीतरी थांबलेलं असतं. ६०० पानांच्या पुस्तकात तुम्ही २४० वर आहात आणि रोज ३० पानं होतात असं चिठ्ठीवर असलं, तर पुस्तक १२ दिवसांनी सुटेल हे आम्ही पुढच्या वाचकाला सांगू शकतो. आपली मुदत १५ दिवसांची आहे. हॅरी पॉटर मालिकेचा पाचवा खंड ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचा आहे, म्हणजे मुदतीत संपवायचा तर रोज ५१ पानं वाचावी लागतील. शाळा सांभाळून मुलांना ते जमणारं नाही. म्हणून चिठ्ठी आलेली असेल तर आणखी १५ दिवस बिनदंडाचे मिळतात.

कुठवर आलात ते कसं लिहायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नुसता पान क्रमांक दुसऱ्याच्या आवृत्तीला लागू पडत नाही, त्यामुळे पान आणि एकूण पानं दोन्ही लिहा: २४०/६००. समोरच्याची प्रत ८०० पानांची असेल तर तो ३२० व्या पानाच्या आसपास बघेल. एकूण पानं मोजताना गोष्ट जिथे संपते तिथेच थांबा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटच्या खंडात गोष्ट संपल्यावर शंभराहून जास्त पानांची परिशिष्टं आहेत. ई-बुकमधली टक्केवारी तीही धरते, त्यामुळे शेवट अजून बराच लांब आहे असं वाटत असतानाच कथा संपून जाते.

‘प्रकरण ५’ असं लिहिणं सोपं वाटतं, पण याच कादंबरीत पाचवी प्रकरणं सहा आहेत. ही मुळात एकच कादंबरी. ती १९५४–५५ मध्ये तीन खंडांत छापली गेली, प्रत्येक खंडाचे दोन भाग आहेत आणि दर भागाला प्रकरणं पुन्हा एकपासून सुरू होतात. तिथे ‘भाग ३, प्रकरण ५’ असंच लिहायला हवं. ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीत तर प्रकरणांना आकडेच नाहीत. दर प्रकरणाच्या डोक्यावर एक अवतरण असतं. कादंबरीच्या तीन भागांपैकी कितवा ते लिहून अवतरणाचे पहिले तीन-चार शब्द उतरवलेत की जागा नेमकी कळते. मात्र अख्खं अवतरण उतरवू नका, कारण त्यातली काही पुढचं सूचित करतात.

‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेला उलट नियम लावा. तिथे बहुतेक प्रकरणांना पात्राचं नाव आहे. पाचव्या खंडातलं प्रकरणाचं नाव चिठ्ठीवर आलं की ते पात्र तिथपर्यंत जिवंत आहे हे पहिला खंड वाचणाऱ्याला कळतं, आणि या मालिकेत कोण जगतं हाच तर वाचकाचा घोर असतो. इथे फक्त पान/एकूण पानं. शिवाय तिसरा खंड कागदी बांधणीच्या काही आवृत्त्यांत दोन पुस्तकांत विभागलेला आहे, तेव्हा ‘३ चा पूर्वार्ध’ किंवा ‘३ चा उत्तरार्ध’ हेही लिहा. नाहीतर उत्तरार्धालाच चौथा खंड समजून कुणीतरी पुढचं पुस्तक घेऊन जातं.

मालिकेचा क्रम

पाठीवरचा आकडा खरा मानून चालू नका. नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ सगळ्यात आधी निघालं आणि ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ सहावं, १९५५ मध्ये. नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांनी कथेतल्या काळाप्रमाणे आकडे बदलून सहाव्याला पहिलं केलं. आमचा सल्ला प्रकाशनाच्या क्रमाचाच आहे. १९५० च्या पुस्तकात जे कोडं म्हणून समोर येतं त्याचं उत्तर १९५५ च्या पुस्तकात आहे, आणि उत्तर आधी वाचलं तर कोड्याची गंमत हाती लागत नाही.

आयझॅक आसिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेचंही तसंच. आधी १९५१, १९५२ आणि १९५३ ची तीन पुस्तकं वाचा. १९८८ आणि १९९३ ची पुस्तकं कथेच्या काळात आधीची असली तरी ती मूळ पुस्तकं वाचून झालेल्यांसाठी लिहिलेली आहेत, ती शेवटी घ्या. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतल्या ४१ कादंबऱ्यांना मात्र घाबरायचं कारण नाही, बहुतेक एकेकट्या वाचता येतात. चिठ्ठीवर कितवी कादंबरी यापेक्षा कुठल्या पात्रांच्या धाग्यातली, हे लिहिलेलं जास्त कामाचं.

चिठ्ठीवर ‘मालिका पूर्ण / अपूर्ण’ असा एक चौकोन आहे. तो रिकामा सोडू नका. पाच जाडजूड खंड वाचून झाल्यावर सहावा अजून आलेलाच नाही हे कळणं क्लेशदायक असतं.

नाव, आवृत्ती, अनुवाद

एकच पुस्तक दोन नावांनी मिळतं. ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि ‘द गोल्डन कम्पास’ ही १९९५ ची एकच कादंबरी, पहिलं नाव ब्रिटनमधलं आणि दुसरं अमेरिकेतलं. मागणीपत्रावर दोन्ही लिहून दोन प्रतींची अनामत भरू नका. परदेशी लेखकाचं नाव देवनागरीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि आमच्या संगणकावर शोध फसतो. म्हणून शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच उतरवा, आणि पुस्तक इंग्रजी असेल तर रोमन लिपीतही. आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीचा १३ आकडी क्रमांक दर आवृत्तीचा वेगळा असतो. तो लिहिलात तर नेमकी कोणती प्रत याबद्दल शंकाच राहत नाही.

मराठीत वाचत असाल तर शीर्षकपानामागचं पान उघडून बघा: अनुवाद, संक्षिप्त अनुवाद, की रूपांतर? ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ पूर्ण रूपात दोन भाग मिळून ४७ प्रकरणांचं आहे. सव्वाशे पानांची किशोर आवृत्ती वाचलेला आणि अख्खं पुस्तक वाचणारा एकमेकांशी बोलायला लागले की दोघांनाही वाटतं समोरच्यानं नीट वाचलेलं नाही. संक्षिप्त आवृत्ती वाचण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तसं लिहा. अनुवादात प्रकरणांची जागाही हलू शकते. ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ची २००८ ची चिनी पुस्तक-आवृत्ती आणि २०१४ चा इंग्रजी अनुवाद यांची सुरुवातच वेगळी आहे. सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं चिनी पुस्तकात पुढे येतात, इंग्रजीत आरंभालाच.

दिवाळी अंकातली कथा वाचत असाल तर अंकाचं नाव, वर्ष आणि पान हे तिन्ही हवेत. मराठी विज्ञानकथा फार मोठ्या प्रमाणात अंकांतूनच वाढली. तीच कथा पुढे संग्रहात येते, कधी बदललेल्या शीर्षकानं, आणि वर्ष लिहिलेलं असलं की दोन्हींचा मेळ घालता येतो. लेखकाचं नाव टोपणनाव असेल तर जसं छापलंय तसंच ठेवा. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. ज. वि. ना. ही आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अशा गोष्टी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवणारे सभासद आम्हाला फार हवेहवेसे वाटतात.

किती सांगायचं

पुस्तकाच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यात जे घडतं ते मोकळेपणानं सांगा. ४०० पानांच्या पुस्तकात पहिली ४० पानं. त्यापुढचं काही लिहायचंच असेल तर चिठ्ठीच्या मागे लिहा, घडी घाला आणि घडीवर ‘पान ३०० नंतर उघडा’ असं लिहा. ‘शेवटी जबरदस्त कलाटणी आहे’ हासुद्धा स्पॉयलरच, म्हणजे गोष्ट आधीच फोडणं आहे. ते वाचलेला माणूस दर पानाला कलाटणी शोधत बसतो आणि समोरची गोष्ट निसटते.

घटना सोडूनही सांगण्यासारखं पुष्कळ असतं. विज्ञान किती कठीण आहे, दहावीच्या भौतिकशास्त्रावर भागतं का? अनोळखी शब्द किती, मागे शब्दसूची आहे का? नकाशा आहे का, आणि ई-बुकमध्ये तो वाचता येतो का? दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहा.

‘ड्यून. भन्नाट! सगळ्यांनी वाचा.’

‘ड्यून, इंग्रजी, पहिल्यांदाच वाचतेय. तीनपैकी पहिल्या भागात, ११०/५३०. पहिली ५० पानं शब्दांनी अडवली. मग मागची शब्दसूची सापडली, तिथे दुसरी वाचनखूण घालून ठेवली आणि सुरळीत चाललं. राजकारण जास्त, यंत्रं कमी. आधीच्यांना प्रश्न: परिशिष्टं आत्ता वाचावीत की शेवटी?’

दुसऱ्या चिठ्ठीखाली उत्तर लिहायला जागा उरते आणि कुणीतरी ते लिहितंच. (परिशिष्टं शेवटी वाचा. शब्दसूची सुरुवातीपासून वापरा, पण अडलेल्या शब्दापुरतीच.)

पुस्तक सोडून दिलंत तरी चिठ्ठी भरा. ‘कंटाळलो’ याचा उपयोग नाही. ‘पहिल्या ६० पानांत ११ पात्रं आली, नावं लक्षात राहिनात, सोडलं’ याचा आहे. पुढचा वाचक वाचनखुणेवर नावांची यादी करत जाईल आणि कदाचित पार पडेल.

बैठक

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी दीड तास. जास्तीत जास्त १२ जण, प्रत्येकाला बोलायला ४ मिनिटं आणि प्रश्नांना २. म्हणजे ७२ मिनिटं होतात आणि पुस्तकं हाताळायला १८ उरतात. वेळ फोनवर लावलेली असते. ती लावली नाही तर पहिलाच वक्ता सगळं कथानक सांगत बसतो आणि शेवटच्या तिघांना दोन वाक्यांत आटोपावं लागतं.

एकच पुस्तक दोघं वाचत असतील तर मागे असणारा आधी बोलेल. पुढे असणाऱ्यानं त्याच्या अंदाजावर हो-नाही करू नये, हसूही नये, कारण हसण्यातूनही उत्तर कळतं. ‘असं का वाटतं?’ एवढंच विचारावं. कित्येकदा त्या कारणांतूनच बैठकीतली सगळ्यात चांगली चर्चा निघते. सोबत पुस्तक आणा, पण मलपृष्ठ वाचून दाखवू नका. दुसऱ्या खंडाचं मलपृष्ठ पहिल्याचा शेवट सर्रास सांगून टाकतं.

सभासदांच्या फोनवरच्या गटावर लिहिताना हीच काळजी घ्या. मेसेजची पहिली ओळ बंद फोनच्या पडद्यावरही दिसते, म्हणून तिथे फक्त पुस्तकाचं नाव आणि पान येऊ द्या, मजकूर चार-पाच ओळी सोडून. मुखपृष्ठाचा फोटो चालेल.

चिठ्ठी आणि पुस्तक

चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी आहे आणि तिची जागा पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्यावरच्या खिशात. पानाला टाचणी किंवा स्टेपल लावू नका, पावसाळ्यात गंज चढतो आणि डाग चार पानं पोचतो. चिकटपट्टी पिवळी पडते. रंगीत चिकटचिठ्ठ्या नव्या कागदाला चालतात, पण जुन्या पुस्तकांचा ठिसूळ कागद त्यांच्याबरोबर सोलून निघतो. दिवाळी अंक उताणा करून ठेवू नका. मधल्या पिना सुटल्या की आधी मधली पानं हरवतात, आणि कथा नेमकी तिथेच असते. लिहायला बॉलपेन किंवा पेन्सिल घ्या, जेलपेनची शाई दमट हवेत पसरते.

पुस्तक परत करताना चिठ्ठी आधी खिशातून काढून टेबलावर द्या. ती आत राहिली तर पुढच्या वाचकाबरोबर घरी जाते आणि घडीमागे लिहिलेलं सगळं त्याच्या हाती पहिल्याच दिवशी पडतं.